आरशाच्या मध्यावरची टिकली

विश्वाचं सत्य शोधायला निघालेल्या माणसाने सर्वांत आधी आपला आरसा निर्मळ करावा, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. त्या रविवारी दुपारी ते काम माझ्या घरमालकीण काकींच्या पुरणपोळीच्या परातीत चाललं होतं. विश्व थांबायला तयार होतं, काकी नव्हत्या.

"सर, झालं का न्हाई तुमचं?" खालून हाक आली. "मला कणीक मळायचीया!"

"पाच मिनिटं, काकी!"

"मगापास्नं तीच पाच मिनटं चाललीयात!"

दुर्बिणीचा आरसा धुणं म्हणजे कपाटाचा आरसा पुसणं नव्हे. कपाटाच्या आरशाची चकाकी काचेच्या पाठीमागे असते. याची तोंडावर असते. केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ असा अॅल्युमिनियमचा थर. त्यावर फडकं फिरवलंत की आरसा संपला. म्हणून परातीत टॉवेल, टॉवेलवर आरसा, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब. मग कापसाचा बोळा त्याच्या स्वतःच्या वजनाने एकदाच ओढायचा आणि फेकून द्यायचा. दाबायचं नाही, उलट फिरवायचं नाही. शेवटी गॅरेजमधून आणलेलं, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वरून सोडायचं, म्हणजे डाग राहत नाहीत. हे करताना श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो, आणि मी तो घेत होतो.

तेव्हा मी विट्याच्या एका कॉलेजात हिशेबतपासणी शिकवायचो. वय छत्तीस, लग्न झालेलं नाही. लग्न न करणं हा कायद्याने गुन्हा नाही. फक्त तपास कायम चालू राहतो. राहायला मुळीक शेठच्या गच्चीवरची खोली होती. शेठनी तीस वर्षं कोइमतूरला गलाई केली होती, म्हणजे सोनारांचं जुनं सोनं मुशीत वितळवून शुद्ध करून द्यायचा धंदा. आमच्या त्या भागातली कितीतरी माणसं हाच धंदा घेऊन देशभर पांगलेली. शेठ मात्र परत आले, घर बांधलं, आणि आता मुशीत घालायला सोनं नसल्यामुळे माणसं घालत.

खोली देताना ते म्हणाले होते, "सर, मटन शिजवा. रेडू लावा. भाडं चार दिस फुडं-मागं झालं तरी आमचं काय म्हननं न्हाई. पर बाईमानूस ह्यो जिना चढता कामा न्हाई. आमची ही सोडून."

मी तत्काळ कबूल झालो. कारण खोलीला दार नीट लागत नव्हतं, नळाला पाणी नव्हतं, पण गच्चीवर अंधार होता. गावात बाकी जिथे जिथे खोल्या बघितल्या तिथे शेजारी मंगल कार्यालय नाही तर पेट्रोल पंप. आकाश बघणाऱ्याला अंधार लागतो, आणि तो विकत मिळत नाही. शेठच्या गच्चीवर तो भाड्यात धरलेला होता.

त्यातून बुधवारी अमावास्या होती. मार्चअखेरीच्या सुमारास वर्षातून एक अशी अमावास्या येते, की त्या रात्री संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जागलं, तर आकाशातले शंभरावर पुंजके, तेजोमेघ, तारकाविश्वं एका बैठकीत बघून होतात. जगभरचे हौशी वेडे ही शर्यत स्वतःशीच लावतात. पहिल्या वर्षी माझ्या आड परीक्षा आल्या. दुसऱ्या वर्षी ढग. यंदा परीक्षा नव्हत्या, ढग नव्हते, आणि गुरुवारची रजा मंजूर झालेली. फक्त आरसा धुळीने आंधळा झाला होता. तोही आता कुशीवर टेकून सुकत होता आणि त्यात छताची तुळई तिच्या वाळवीसकट दिसत होती.

राहिलं होतं ते एकच काम. या दुर्बिणीत आरसे दोन. मोठा नळ्याच्या तळाशी, छोटा तोंडापाशी तिरका. दोघं एकमेकांच्या बरोबर समोर नसतील, तर ताऱ्याचं शेपूट दिसतं. त्यांचा नेम धरायला मोठ्या आरशाच्या ऐन मध्यावर एक खूण लागते. माझी जुनी खूण, कागदाचं कडं, धुताना सुटली होती. पुण्याच्या आमच्या दुर्बिणवेड्या मंडळींनी सांगून ठेवलं होतं: टिकलीसारखी खूण नाही. गोल असते, आपली आपण चिकटते, आणि मध्यावर बसायची तिला पिढीजात सवय. शिवाय मध्यावर छोट्या आरशाची सावलीच पडते, त्यामुळे टिकलीने काही झाकलं जात नाही.

मी चिमट्याने एक बारीक काळी टिकली उचलली. कंपासने आखलेल्या कागदाच्या भोकातून आरशावर सोडली. कापसाने दाबली. कागद काढला. काळी, गोल, मध्यावर. मी आरसा दोन्ही तळव्यांत कडेने धरून तोंडासमोर उभा केला आणि समाधानाने हसलो.

काकी दारात उभ्या होत्या.

त्यांनी आरशाकडे पाहिलं. टिकलीकडे पाहिलं. माझ्या हसण्याकडे पाहिलं. मग कॉटवरच्या टिकल्यांच्या पाकिटाकडे पाहिलं. त्यावर एका बाईचा कपाळासकट फोटो होता.

"काकी, परात झालीय," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि परात न घेता खाली गेल्या. मुळीकांच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. त्या घरातलं भांडं शेजारी गेलं तर काकी ते रिकामं व्हायच्या आत आणायला जात.

थोड्या वेळाने जिन्यावर दोन जोड वहाणा वाजल्या. पुढे शेठ, मागे जंगम भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त तलाठी. रविवारच्या चहाला ते मुळीकांकडे असत. नोकरी संपली तरी त्यांचा पंचनामा संपला नव्हता. कुठे मांजर मेलं तरी ते चतुःसीमा बघून घेत. काकी दाराच्या चौकटीला टेकल्या.

"बसू का, सर?" शेठनी विचारलं. स्वतःच्या घरात परवानगी मागणारा घरमालक मी त्यापूर्वी आणि त्यानंतर पाहिलेला नाही.

"बसा ना."

ते बसले नाहीत. आरशाकडे बोट करून म्हणाले, "कुनाची?"

"माझी."

हे उत्तर चुकलं, हे मला तोंडातून निघतानाच कळलं.

"म्हणजे सदर टिकली आपण स्वतः वापरता?" भाऊसाहेब म्हणाले.

"मी कशाला वापरू? आरशाला लावायला आणली."

"आरशाला समद्याच बायका लावत्यात," चौकटीतून काकी म्हणाल्या. "रातीला काढून लावायची, सकाळी परत कपाळाला. मी काय न्हानी हाय व्हय?"

"काकी, हा तसला आरसा नाही. हा दुर्बिणीचा आरसा आहे."

"दाढीचा आरसा हाय की तुमच्याकडं. त्याला न्हाई लावली," काकी म्हणाल्या. "ह्यो मोठा हाय म्हनून ह्याला लावली. बाईला मोठाच लागतोय."

"पाकीट कुठून खरेदी केलं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सांगलीहून."

"का? विट्यात कासार नाहीत?"

"आहेत. म्हणूनच."

भाऊसाहेबांनी शेठकडे पाहिलं. मी संतापाने लाल झालो होतो, आणि लाल होणं हाही पुराव्याचाच भाग धरला जात होता. मी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: विट्याच्या लेडीज सेंटरात एकटा पुरुष टिकल्या मागायला गेला असता, तर ही चौकशी दोन दिवस आधी झाली असती. मी गावाची सोय बघितली होती. त्याचं हे फळ.

"पाकिटात नग किती?"

"बारा."

"शिल्लक?"

"अकरा."

"म्हणजे एकीची सोय झाली," भाऊसाहेब म्हणाले, "अकरा जणी यायच्या आहेत."

"भाऊसाहेब, तोंड सांभाळून बोला!"

"माझं तोंड सांभाळलेलंच आहे. आपण आपला जिना सांभाळायला हवा होता."

"कोण चढलं जिना? कुणी बघितलं? एक तरी माणूस दाखवा!"

"उजेडात दिसलं असतं," भाऊसाहेब म्हणाले. "आपल्या गच्चीवर तो नसतो."

आता शेठ सावकाश म्हणाले, "सर, एक इचारू? परवा तुमीच म्हनाला न्हवं, बुधवारच्या राती जिन्यातला दिवा बंद ठेवा म्हनून?"

"हो, पण ते..."

"आन् रातभर जागा हाय म्हनाला."

"हो."

"आन् गुरवारची रजा काडलीया."

"काढलीय! कारण बुधवारी अमावास्या आहे!"

काकींनी पदर तोंडाला लावला. "आगं आई. आवशीला?"

मी हिशेबतपासणीचा माणूस. खरी बिलं एका फायलीत लावली की त्यांतून खोटी गोष्ट किती सुरेख उभी राहते, हे मी पोरांना दर वर्षी शिकवत होतो. स्वतःवर ती उभी राहताना पहिल्यांदाच बघत होतो. सगळी कागदपत्रं खरी, सही माझीच, आणि बेरीज म्हणजे एक बाई.

"पुरावा बघू द्या जरा," असं म्हणून जंगम भाऊसाहेबांनी आरसा उचलला.

नुसता उचलला नाही. दोन्ही हातांनी, ताट धरावं तसा, अंगठे आत टेकवून उचलला. तलाठ्याचा अंगठा. आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगठे शाईत बुडवून घेतलेला, त्यातून चहाबरोबर नुकतीच भजी खाल्लेला. तो त्यांनी टिकलीच्या जरा वर टेकवला, आणि टिकली निघते का बघायला रेटला.

"हात काढा!" मी ओरडलो. मी आयुष्यात एवढ्या मोठ्यांदा कधी ओरडलो नव्हतो. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "अंगठा काढा आधी! चार महिने रोज रात्री जागलोय मी त्याच्यासाठी! बोटं सोलवटून घेतलीत! तुम्हाला काय कळणार? द्या इकडे!"

मी आरसा त्यांच्या हातातून काढून छातीशी धरला. टिकली शाबूत होती. तिच्या वर अंगठा उमटला होता, तेलासकट, रेघन् रेघ.



"बगा," काकी हळूच म्हणाल्या. "टिकलीला नुस्तं बोट लावलं, तर केवढं लागलं त्यांस्नी."

"खरं परेम हाय," शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं.

"मग लगीन का करत न्हाईसा?" काकींनी विचारलं. "जातीचं काय हाय का? का लगीन झालेली हाय?"

"काकी, ही काच आहे! काच! मी घासलेली काच आहे! आठ इंचांची!"

"असंच हुतंय," काकी शेठना म्हणाल्या. "आमच्या धाकट्या भावाचं बी असंच झाल्तं. मग काय बी बोलायचा."

शेठनी घसा साफ केला. "सर, तुमी सज्जन हाय. म्हनून मी आरडाओरडा करनार न्हाई. पर ठरल्यालं ते ठरल्यालं. उद्याच्याला दुसरी जागा बगा. मंगळवारी खोली रिकामी करून द्या."

बुधवारी अमावास्या. मंगळवारी खोली रिकामी. तीन वर्षांची वाट, चार महिन्यांची काच, आणि आड आली कोण? जिचा मला पत्ता नाही, चेहरा नाही, जी जन्मलेलीसुद्धा नाही अशी एक बाई. रागाने माझं डोकं बधिर झालं होतं, पण बधिर डोक्यालाही एक गोष्ट सुचली.

"सोडतो," मी म्हणालो. "पण शेठ, तीस वर्षं मुशीत घातल्याशिवाय तुम्ही कुणाचं सोनं खोटं ठरवलं का?"

शेठ थबकले. "न्हाई."

"मग मला एकदा घाला."

मी आरसा नळ्याच्या तळाशी त्याच्या बैठकीत बसवला. अंगठा तसाच होता. पुसायला ना वेळ होता ना हिंमत. नळा भिंतीकडे तोंड करून आडवा ठेवला. डोळा लावायच्या जागी फिल्मच्या रोलची डबी बसवली. तिच्या बुडाला मध्यावर सुईचं भोक होतं.

"बघा यातून. एक डोळा मिटा."

शेठ वाकले.

"काय दिसतंय?"

"डोळा."

"कुणाचा?"

"माजाच असावा. घरातल्यांचाच वाटतोय." मग ते दचकले. "आन् टिकली! डोळ्याच्या शेजारी टिकली हाय!"

"ती डोळ्याच्या बरोबर मधोमध यायला हवी. तरच तारा नीट दिसतो. आता मागे हे तीन स्क्रू आहेत. तुमचा हात इथे ठेवा. हळू फिरवा, आणि बघत राहा."

शेठनी स्क्रूवर बोटं ठेवली. ती बोटं मी विसरणार नाही: आयुष्यभर विस्तवाशेजारी वावरलेली, जाड, पण हलकी. त्यांनी एक केसभर पीळ दिला.

"सरकली!" ते ओरडले. "अगं, सरकली! बाहीर चालली... ऱ्हा ऱ्हा... ह्यो न्हवं, ह्यो दुसरा... हां. आली. आली. जराशी... गेली परत, आयला!"

"आवो, काय ते?" काकी पुढे आल्या.

"गप. हालवू नगं मला."

भाऊसाहेबांनी खुर्ची ओढून घेतली. काकी कणीक विसरल्या. शेठ एक डोळा मिटून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून पीळ देत राहिले, आणि शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले, "बसली. बुबुळात बसली बगा, सर. कुनी ठेवल्यागत."

मग काकींनी डोळा लावला. "डावीकडं हाय जरा," त्या म्हणाल्या.

"काकी, मी कंपासने मोजून लावलीय. बरोबर मध्यावर आहे."

"मग आरसाच डावीकडं हाय."

त्या टिकली लावतात त्याला चाळीस वर्षं झाली होती. मी वाद घातला नाही.

शेवटी भाऊसाहेब वाकले. भोकातून पाहिलं, सरळ झाले, चष्मा पुसला. "टिकलीचा उपयोग सिद्ध होतो," ते म्हणाले. "बाई येत नाही, हे यावरून सिद्ध होत नाही."

"भाऊसाहेब," शेठ म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "सोन्यातलं हिन कुठलं आन् चोख सोनं कुठलं, हे मला तलाठ्यानं शिकवायचं न्हाई. सर सोनं हायत. खोली सोडायची न्हाई. मी सांगतोय."



"पर सर," ते पुढे म्हणाले, "गाव काय मुशीत घालता येत न्हाई. आज ह्यांनी तोंड उगडलं, उद्या धा जन उगडतील. तुमी निवांत ऱ्हावा. तुमच्या नावाला डाग लागू देनार न्हाई, ह्यो माजा शबूद. बंदोबस्त मी करतो."

मी हात जोडले. एवढ्या वर्षांनंतर मला सर्वांत जास्त चीड कशाची येत असेल, तर याची. जंगमांच्या अंगठ्याची नाही, अकरा जणींची नाही. मी हात जोडले, याची.

सोमवारी संध्याकाळी कॉलेजातून आलो, तर गच्चीवर वायरमन शिडीवरून उतरत होता. पाण्याच्या टाकीच्या खांबावर त्याने एक हॅलोजन बसवला होता. शेठच्या मोठ्या मुलाच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी लावलेला. पेटीत जपून ठेवला होता. शेठ शिडीखाली कंबरेवर हात ठेवून उभे होते, आणि तीस वर्षांत एखादी मूस जमून यावी तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

"आता कुनीबी यावं आन् बगावं," ते म्हणाले. "मुंगी चढली तरी दिसंल. कोन आलं, कोन गेलं, समदं गावाम्होरं. हाय का कुनाची बोलायची टाप?"

समोरच्या गच्चीवर जंगम भाऊसाहेब उभे होते. त्यांनी मान्यतेदाखल हात वर केला.

"शेठ," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दुर्बिणीला... अंधार लागतो."

शेठचा चेहरा उतरू लागला. "अंधार?" ते म्हणाले. "अंधार कशाला, सर?"

भाऊसाहेब समोरून कठड्यावर झुकले. ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं त्यांना. आता सगळ्यांनाच सगळं दिसत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "छान आहे."

"बटन खाली आमच्या सैपाकघरात ठिवलंय," काकींनी जिन्यातून सांगितलं. "तुमास्नी तरास नगं. आन् बुधवारी आवस हाय, तर रातभर चालूच ठिवते. तुमास्नी एवढं लांबचं बगायचं असतंय, उजेड नगं का?"

बुधवारी विट्याच्या आकाशात ढगाचा एक ठिपकाही नव्हता. एरवी दिवसाआड जाणारी वीज त्या रात्री गेली नाही. हॅलोजन पाचशे वॅटचा होता.